भरल्या ताटावरचा राजा

विश्वास ठेवा म्हणून मी गळ घालणार नाही. पण हे घडलंय. त्या दिवशीची भांडी मी स्वतः घासली आहेत.

सप्टेंबर २०१६. अविधवा नवमी, रविवारची दुपार.

जर्मनीतल्या येना शहराबाहेर टेकडीवर एका जुन्या शिकारमहालाचे फ्लॅट केलेत, त्यातला एक आमचा. हे कामासाठी हॅम्बर्गला गेलेले. घरात मी आणि पुण्याहून आलेले माझे सासरे, अण्णा.

सासूबाईंचं पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. कावळा आला. बसला...

शिवेना.

गेल्या वर्षी पुण्यातही असंच झालं होतं. अण्णांचा चेहरा उतरला.

"वसुधा उपाशीच राहिली गं, मुक्ता."

तेवढ्यात खालच्या घरमालकीणबाई, फ्राउ लिंडनर, बागेतली सफरचंदं घेऊन आल्या. कठड्यावरचं पान बघून म्हणाल्या, तुमच्या ह्याच खोलीत इथला शेवटचा राजा जेवायला बसला होता. पहिलं महायुद्ध हरत आलेलं, काइझरचं साम्राज्य कोसळलेलं. ह्या चिमुकल्या संस्थानाच्या राजालाही शिपायांनी टेबलावरून उठवलं. हातातलं सूपसुद्धा संपू दिलं नाही. तो परत आलाच नाही.

बाई गेल्यावर मी अण्णांना सगळं मराठीत सांगितलं.

"भरल्या ताटावरून उठवलं माणसाला?" अण्णा हळहळले. "त्यालाही वाढ."

"अण्णा, राजा आहे तो. कठड्यावर जेवेल?"

"मग टेबलावर वाढ. आणि चमचा दे, हाताने नाही जमायचं त्याला."

मी वाढलं. वरणभात, खीर. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये म्हणून अण्णांनी मला गॅलरीत नेलं. खोलीकडे पाठ करून आम्ही उभे राहिलो.

काहीच नाही...

मग खुर्ची सरकली.

अण्णांनी माझं मनगट धरलं.

चमचा ताटाला लागत होता. आधी सावकाश... मग भराभर.

मग थांबला.

आणि... बांगड्या वाजल्या.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. मी बांगड्या घालत नाही. सासूबाईंनी त्यावरून मला जन्मभर ऐकवलं.

वळलो, तर खोलीत कुणी नव्हतं. एकच खुर्ची मागे ओढलेली.

ताटात परत भात होता. वाटीने पाडलेली गोल मूद, वर तूप, डावीकडे लिंबाची फोड.

मी भातवाढीने कसाबसा ढकलला होता भात. आणि लिंबू तर घरातच नव्हतं.

अण्णा हसले. डोळे भरलेले.

"पाहुण्याचं झाल्याशिवाय ती कधी पानावर बसलीये का?"

बाहेर सासूबाईंचं पान जसंच्या तसं. कावळा आत बघत होता.

अण्णा पुण्याला परतले. आम्ही अजून इथेच राहतो. दुपारी खुर्ची सरकते. चमचा वाजतो, मग बांगड्या... मग पुन्हा चमचा. आणि दर अविधवा नवमीला कठड्यावरचं पान तसंच राहतं.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णांचा फोन येतो. आवाज अगदी हळू.

"उठला का गं तो?"

"नाही, अण्णा. अजून जेवतोय."