पलीकडच्या ब्लॉकसमोरची गाडी

आपल्या गाडीवर कोणीतरी पांघरूण घालतंय हे क्षिप्राला लांबूनच दिसलं आणि तिची उरलीसुरली झोप उडाली.

शनिवारची सकाळ होती. रात्रभर पाऊस पडून गेल्यामुळे आर. के. पुरमच्या त्या गल्लीतली झाडं अजून ठिबकत होती. जांभळाच्या झाडाखाली ती पांढरीशुभ्र, अवाढव्य एसयूव्ही उभी होती आणि एक उंच मुलगा टाचा वर करकरून तिच्या टपावर चादर पसरत होता.

"एक्सक्यूज़ मी, ये क्या कर रहे हैं आप?"

तो दचकला. चादरीचं टोक हातातून सुटलं. "जामुन गिर रहे हैं, मैडम. दाग पड़ गया तो निकलता नहीं."

"आपकी गाड़ी है?"

"नहीं, नहीं. लेकिन खड़ी मेरे दरवाज़े पे है ना... मालिक पहले मुझी को पकड़ेगा."

क्षिप्राचं लक्ष आता त्याच्या बोलण्याकडे नव्हतं. ती चादर बघत होती. जाडजूड, लाल-काळ्या नक्षीची, काठाला गोंडे. तशीच एक तिच्या घरीही होती, आजोळहून आलेली.

"सोलापूरची?" तिने मराठीत विचारलं.

त्याने सुटलेलं टोक उचललं. "चादर की मी?"

"...दोन्ही."

"दोन्ही," तो म्हणाला आणि असा काही हसला की तिला उगीचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

त्याचं नाव नचिकेत. एका मंत्रालयात लागून त्याला वर्षही झालं नव्हतं, प्रोबेशन चालू होतं आणि तळमजल्यावरचं हे क्वार्टर नुकतंच मिळालं होतं. हे सगळं त्याने न विचारता सांगितलं. मग क्षिप्राने पर्समधून चावी काढून बटण दाबलं. गाडीचे दिवे लुकलुकले. त्याने गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि परत गाडीकडे.

"तुमची?"

"शोरूमची. गुरुग्रामला नोकरी करते मी. असल्या गाड्या विकते." शनिवार-रविवारी दक्षिण दिल्लीतल्या ग्राहकांच्या घरी गाडी नेऊन दाखवायची असे, म्हणून शुक्रवारी ती घरी आणावी लागे. "मी शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहते. पण बाबा म्हणाले, आपल्या दारात नको. दिवाळीला रिटायर होतायत. सरकारी नोकराच्या दारात असली गाडी दिसली की लोक भलतेच हिशेब मांडतात."

बाबांचं, म्हणजे भाऊसाहेबांचं, चुकत नव्हतं. त्यांनी उभ्या नोकरीत कोणाकडून साधा मिठाईचा पुडा घेतला नव्हता आणि शेवटच्या चार महिन्यांत त्यांना कसलीही कुजबुज नको होती. बापलेकींनी मिळून छान तोडगा काढला, गाडी पलीकडच्या ब्लॉकसमोर लावायची. पलीकडच्या ब्लॉकमध्येही सरकारी नोकरच राहतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. घाबरलेल्या माणसांचं असंच होतं.

पुढच्या शनिवारी चादर आधीच घातलेली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी चादरीबरोबर एका वाडग्यात मीठ लावलेली जांभळंही होती.

"मला एक सांगा," नचिकेत पायरीवर बसून म्हणाला, "ही गाडी लोक घेतात तरी कशाला?"

क्षिप्राने लगेच शोरूमचा आवाज लावला. "हाताने शिवलेलं लेदर, खरं लाकूड, एकही रंग भडक नाही. ही सुरुचीची—"

"आणि सुरुची नसलेला आला तर?"

"तर सांगते, सात माणसं आरामात बसतात, खड्डा कळत नाही, पाणी भरलं तरी अडत नाही. बिल्कुल प्रॅक्टिकल."

"आणि ज्याला दोन्हीशी देणंघेणं नाही तो?"

"त्याला काही सांगावं लागत नाही. तो फक्त शेजाऱ्याच्या गेटकडे बघतो." तिला हसू आलं. "एकाकडे गाडी फाटकातून आत जाईना. त्याने फाटकाचा खांब पाडला, यार. गाडी बदलली नाही."

"म्हणजे नुसता तोरा."

"तोरा म्हणजे?"

"दिल्लीत वाढलात ना... शोऑफ. ऐट." त्याने एक जांभूळ तोंडात टाकलं. "पण हे सगळं ग्राहकांचं झालं. तुम्हाला काय वाटतं?"

आता आली का पंचाईत. दोन वर्षं ती या गाडीबद्दल बोलत होती, पण हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. तिने गाडीचं दार उघडलं. मग म्हणाली, "चला, बसा. डेमो देते."

"मी काय ग्राहक आहे?"

"होऊ शकता... पुढच्या जन्मी."

तो बसला तो पाय आखडून, गालिच्याला चप्पल लागू नये अशा बेताने. दार मिटलं आणि रिंग रोडचा सगळा कल्लोळ एकदम बंद झाला.

"शांत आहे," तो म्हणाला. "दिल्लीत हे सुख आहे, कबूल. पण आत बसलं की भाजीवाल्याची हाकही येणार नाही."

"मला आवडते ही गाडी," क्षिप्रा एकदम बोलून गेली. तिने नजर समोरच्या काचेवरच ठेवली. "मी मेट्रोत रोज लोकांच्या कोपरांखाली उभी असते. उंचीच नाही ना. इथे बसलं की मला सगळ्यांच्या वरून दिसतं. बसवालेसुद्धा वाट देतात. ते आवडतं... आणि मग स्वतःचीच लाज वाटते. हा तोराच झाला ना?"

तो हसला नाही. "माहीत नाही," तो म्हणाला. "मलाही आत्ता इथून उतरावंसं वाटत नाहीये. पण ते गाडीमुळे आहे का, तेही नीट कळत नाहीये."

क्षिप्राने खिडकीची काच खाली केली. एसी चालू असताना.

त्यानंतर तिला काहीच धड समजेनासं झालं. शुक्रवारी ती ऑफिसातून लवकर निघू लागली. ग्राहकाला 'खरं लाकूड' सांगताना मधेच थबकू लागली. आपल्याला गाडी आणायची घाई आहे की गाडी तिथे लावायची, हे ती स्वतःला विचारी आणि उत्तर यायच्या आत रेडिओ लावी.

एका रविवारी दुपारी जेवताना आई म्हणाली, "पलीकडच्या ब्लॉकमधला तो नवा मुलगा, नचिकेत. त्याच्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं म्हणे. प्रोबेशनवरचा पोरगा आणि दारात असली गाडी."

क्षिप्राने घास परत ताटात ठेवला. "गाडी त्याची आहे असं कोण म्हणतं?"

"सगळेच. एरवी त्याच्या व्हरांड्यात वाळणारी सोलापुरी चादर शनिवारी गाडीवर असते. आणखी काय पुरावा हवा? तिवारी आंटी सांगत होत्या, गाझियाबादचं कोणीतरी मुलगी सांगून आलं, नुसती गाडी बघून. तूही तिथे दिसतेस म्हणे. त्यावर त्या म्हणाल्या, अशा गाडीभोवती मुली जमायच्याच."

भाऊसाहेबांनी ताटातून मान वर केली नाही. "बरं झालं आपल्या दारात नव्हती," ते पुटपुटले.

क्षिप्रा हात धुऊन तडक निघाली. नचिकेत पायरीवर चादरीची घडी घालत होता.

"साहेबांना काय सांगितलंत?"

"कोणत्या—"

"नचिकेत."

"...ओळखीच्यांची गाडी आहे म्हटलं."

"कोण ओळखीचे?"

"तेच त्यांनीही विचारलं. मग गप्प बसलो." त्याने घडीची आणखी एक घडी केली. "तुमच्या बाबांचं नाव आलं असतं."

"आणि तुमचं आलं ते? प्रोबेशन आहे तुमचं, कायम नाही केलं तर? कोणी सांगितलं होतं एवढा मोठेपणा करायला?"

"मोठेपणा कसला..." आता घडी घालायलाही चादर उरली नव्हती. "गाडी हलवा म्हणून सांगणार होतो. दोनदा तोंडाशी आलं. मग वाटलं, गाडी गेली की तुम्ही इकडे कशाला याल?"

क्षिप्राला भयंकर राग आला. त्याच वेळी हसूही आलं आणि डोळेही भरून आले, आणि यातलं आधी कशाला वाट द्यावी हे तिला कळेना. ती वळली, गाडीत बसली, आणि वळसा घालून भर दुपारी तिने गाडी स्वतःच्या ब्लॉकसमोर आणून उभी केली.

खाली बाकावर तिवारी आंटी दोघींना घेऊन बसल्या होत्या. "बेटा, ये तो उस लड़के की..."

"नहीं आंटी. मेरी नौकरी की है. मैं बेचती हूँ ये गाड़ियाँ. वहाँ मैं ही खड़ी करती थी."

"अच्छा? तो वहाँ क्यों?"

क्षिप्राने मान वर केली. वर बाल्कनीत बाबा उभे होते. ते आत गेले. आता दार लावून बसतील असं तिला वाटलं. पण जिन्यावर चपला वाजल्या आणि भाऊसाहेब खाली येऊन तिच्या शेजारी उभे राहिले.

"क्योंकि मैंने कहा था," ते म्हणाले. "मैं डर गया था."

मग तिच्याकडे वळून मराठीत, "उद्या त्या मुलाच्या साहेबांकडे मी स्वतः जातो. एवढी वर्षं स्वच्छ राहिलो ते दुसऱ्याच्या दाराआड लपायला नाही."

सोमवारी ते गेले, आणि एका चहात प्रकरण मिटलं. दिल्लीतल्या कितीतरी गोष्टी आधी कोणी जाऊन बोलत नाही म्हणूनच वाढलेल्या असतात. गाडी नचिकेतची नाही हे कळल्यावर गाझियाबादची मंडळी पुन्हा फिरकली नाहीत.

शुक्रवारी गाडी राजरोस भाऊसाहेबांच्या दारात उभी राहिली. शनिवारी सकाळी क्षिप्रा रिकाम्या हाताने गल्ली ओलांडून पलीकडे गेली. नचिकेत पायरीवर पेपर वाचत होता. तिला पाहून तो गडबडून उभा राहिला.

"गाडी तर तिकडे आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"जांभळंही संपली."

"दिसतंय."

"मग... काही विसरलं का इथे?"

"नाही." तिने श्वास घेतला. "ती गाडी सुंदर आहे, कामाची आहे की नुसता तोरा, माझं अजून ठरत नाही. सोमवारी एक वाटतं, शनिवारी दुसरंच. पण तुझ्याकडे यायला मला गाडीचं कारण नको आहे, नचिकेत. तू आवडतोस मला. एवढं मात्र ठरलंय."

समोरच्या बाकावर तिवारी आंटी येऊन बसत होत्या, त्यांचा चष्मा इकडेच वळलेला होता. क्षिप्राच्या ते लक्षात आलं. "आत जाऊन बोलूया का?" तिने हळूच विचारलं.

नचिकेतने पेपर बाजूला केला आणि पायरीवर तिच्यासाठी जागा केली.

"नको," तो म्हणाला. "इथेच बस. सगळ्या कॉलनीला दिसू दे."