भुऱ्याच्या पोटात काय गेलं?

मनालीने पिंजऱ्याखालचा ट्रे ओढला आणि ती तशीच बसून राहिली. ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती. काल होत्या त्याही मिरीच्या दाण्याएवढ्या, वाळक्या. सुकं गवत जसंच्या तसं पडलेलं. भुरा कोपऱ्यात अंग आखडून बसला होता आणि दात खात होता.

ससा चाळीतल्या हितेंद्रचा. गणपतीला मालवणला जाताना तो भुऱ्याला तिच्याकडे सोपवून गेला होता. घोडपदेवच्या त्यांच्या चाळीतल्या निम्म्या दारांना कुलूप होतं. मनालीची आजी यंदाच गेली, म्हणून घरी गणपती नव्हता आणि गावी जाणंही नव्हतं. खाली मंडपात गाणी वाजायची आणि वर गॅलरीत ती एकटी भुऱ्याशी बोलत बसायची. आता तर तोही कान टवकारेना.

आई म्हणाली, ढोलांना घाबरला असेल, भूक लागली की खाईल. आणि ती कामावर गेली. मनालीला काही ते पटेना. तिने शेजारच्या बुद्धभूषणला हाक मारली. सुट्टीत चाळीत उरलेला तिच्या वयाचा तो एकटाच.

त्याने भुऱ्याचे पंजे उलटून पाहिले. त्यांना हिरवा रंगवलेला भुसा चिकटला होता.

"हा बाहेर जाऊन आलाय," तो म्हणाला.

"कसा जाईल? कडी बाहेरून आहे."

"मग कुणीतरी नेला."

मंडळाने यंदा जंगलाचा देखावा केला होता. दोघं धावत खाली गेली. कागदी झाडांमागे छोटं कुंपण होतं. आत हिरव्या भुशात पेढ्यांचे तुकडे, बिस्किटांचा चुरा आणि सशाचे भुरे केस! सजावट सांभाळणाऱ्या अभयदादाने काही लपवलं नाही. दुपारी मनालीचा डोळा लागला की तो भुऱ्याला खाली आणायचा आणि येणारेजाणारे कौतुकाने त्याला भरवायचे.

"प्रसादाने कुणाला काय होतं गं?" तो हसत म्हणाला.

मनाली वाद घालत बसली नाही. भुऱ्याला टॉवेलमध्ये गुंडाळून, लालबागच्या गर्दीतून वाट काढत, दोघं परळच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टरबाईंनी पोट हळूच चाचपलं. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं आणि ते चालतं गवतावर, असं त्यांनी समजावलं. गोड आणि पिठाचं पोटात गेलं, गवत सुटलं, की आतडं मंदावतं, पोटात वायू धरतो. बरं, सशाला उलटीही होत नाही.

"आणखी एक दिवस थांबला असतात, तर हा वाचला नसता," त्या म्हणाल्या.

त्यांनी इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन दिलं. गवताची पेज सिरिंजने थोडी थोडी पाजायची, ऊब द्यायची, शांत ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी अभयदादा भुऱ्याला न्यायला दारात. देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते, सशाशिवाय जंगल ओकंबोकं दिसत होतं. मनालीने त्याला समजावून पाहिलं, पण तो ऐकेना. शेवटी, ससा मीच आणून ठेवते, असं ती म्हणाली. आणि तिने आपला जुना कापसाचा ससा पानांआड नेऊन बसवला.

संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे पेढ्यांचा ढीग झाला. त्यातला एक खुद्द अभयदादाने ठेवलेला. मंडळाचे अध्यक्ष शामराव ढिगाकडे बघतच राहिले.

"काका, हा कापसाचा आहे," बुद्धभूषण म्हणाला. "खरा असता, तर हे सगळं त्याच्या पोटात गेलं असतं."

अभयदादाने मान खाली घातली. शामरावांनी कुंपण तिथल्या तिथे काढायला लावलं. आरतीनंतर त्यांनी लाऊडस्पीकरवरून दोन्ही मुलांची नावं घेतली. मोठ्यांना जे कळलं नाही ते या पोरांना कळलं, म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मनाली तेव्हा खाली नव्हती. खोलीचं दार लावून, भुऱ्याला मांडीवर घेऊन ती आपलं नाव ऐकत होती. भुऱ्याने मान लांब केली, तिच्या हातातली गवताची काडी ओढली आणि कुरकुर चावली. परवा हितेंद्र येऊन त्याला घेऊन जाणार होता.

तिने दुसरी काडी पुढे केली.