गाडी बंद करू नका, डॉक्टर!

पिकअप गॅरेजच्या फाटकातून आत आली ती अक्षरशः रांगत. मागे अडकलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला होता. भुरभुर पाऊस पडत होता आणि मामा नेमके जेवायला घरी गेले होते. गॅरेजमध्ये एकटीच असलेली त्यांची भाची ओढणीला हात पुसत बाहेर आली.

गाडीतून एक तरुण उतरला. गुडघ्यापर्यंत गमबूट, खिशात थर्मामीटर आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव.

"मिस्त्री आहेत का?"

"जेवायला गेलेत. त्यांची भाची चालेल?"

"भाची चालेल हो... गाडीच चालत नाहीये."

तिला हसू आवरलं नाही. तोही हसला, आणि मग दोघांनाही कुठे बघावं ते कळेना.

तो गुरांचा डॉक्टर होता, या भागात नवाच आलेला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता आणि इंजिनानं जोर सोडला होता. तिनं स्कॅनर जोडला, आकडे वाचले.

"तुम्ही गाडी सारखी बंद करता का?"

"गोठा आला की करतो. नाहीतर काय, गाईपर्यंत चालवत नेऊ?"

"डॉक्टर, डिझेलच्या धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये साठते. गाडी लांब पल्ल्याला सलग पळाली की फिल्टर तापतो आणि काजळी आपोआप जळून जाते. तुम्ही या गोठ्यातून त्या गोठ्यात उड्या मारता. ती जळायला लागली रे लागली, की तुम्ही चावी फिरवता!"

"म्हणजे जेवणाऱ्याला भरल्या ताटावरून उठवतो मी."

"अगदी बरोबर!"

त्या दिवशी तिनं गाडी उभ्या उभ्याच तापवून फिल्टर साफ करून दिला. पण डॉक्टरांचा धंदाच उड्या मारण्याचा. दिवा पुन्हा लागला. मग पुन्हा. पिकअपचा आवाज फाटकापासूनच तिच्या ओळखीचा झाला. तो यायचा, स्कॅनरवर वाकायचा, "हा आकडा कसला?" म्हणून विचारायचा — आणि बघायचा भलतीकडेच.

"डॉक्टर," गाडीखालून मामांचा आवाज यायचा, "आकडा स्क्रीनवर आहे."

मग एक दिवस काजळीचा आकडा इतका चढला की मामांनी स्वतः चष्मा लावून पाहिला आणि मान हलवली. "आता उभ्या गाडीत जमणार नाही. हायवेला लागा आणि एका दमात पळवा. जळणं मध्येच थांबलं तर फिल्टर गेलाच म्हणून समजा. नवा येईपर्यंत गाडी इथेच पडून राहील."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. लांबलांबच्या वस्त्यांवर आजारी जनावरं होती. गाडीशिवाय तिथे पोचणार कसं?

"तू शेजारी बस," मामा तिला म्हणाले. "आकड्यांवर नजर ठेव."

ऊन स्वच्छ होतं, रस्ता मोकळा. स्कॅनर तिच्या मांडीवर. तापमान चढत गेलं आणि काजळीचा आकडा हळूच एक पायरी उतरला.

"लागली जळायला! वेग असाच धरा."

"तुम्ही म्हणाल तसं." मग थोडं थांबून, "सगळ्याच बाबतीत."

"समोर बघा, डॉक्टर."

तिनं मान खाली घातली. कानशिलं मात्र तापली होती. आकडा उतरत होता. गाडी नीट झाली की हा कशाला येईल फाटकातून? लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. मिस्त्रीच्या भाचीनं असा विचार करावा?

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडून बाईचा रडवेला आवाज — "डॉक्टर, गाय अडलीय हो! वासराचे पाय दिसतायत, पण पुढे सरकतच नाही..."

त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. "गोठा पुढच्याच वळणावर आहे. गेली गाडी तर गेली. मला थांबावं लागेल."

"थांबा. पण चावीला हात लावू नका! तुम्ही उतरा, गाडी मी पळवते."

त्यानं तिच्याकडे एकदाच पाहिलं. गोठ्याच्या वाटेवर वाळलेला कडबा पसरला होता. खालून सायलेन्सर निखाऱ्यासारखा तापलेला. कडबा पेटायला ठिणगीचीही गरज नव्हती. म्हणून गाडी रस्त्यावरच थांबली. तो बॅग उचलून धावत सुटला, ती स्टिअरिंगमागे सरकली आणि निघाली.

स्कॅनर आता शेजारच्या सीटवर. एक डोळा रस्त्यावर, एक आकड्यावर. मन मात्र मागे गोठ्यात. आकडा अर्ध्यावर आला... आणखी खाली... एका चढावर तिथेच अडून बसला. तिनं गिअर उतरवला, इंजिनाचा आवाज चढला आणि आकडा पुन्हा घसरू लागला. उतार संपता संपता पिवळा दिवा गेला. ती एकटीच मोठ्यानं म्हणाली, "शाबास गं बाई!" — आणि हे आपण गाडीला म्हणालो, गाईला की स्वतःला, ते तिलाच कळलं नाही.

परत येऊन तिनं मोकळ्या मातीवर गाडी उभी केली, निवू दिली आणि धावतच गोठ्यात शिरली.

तो उलट्या बादलीवर बसला होता, घामानं निथळत. समोर ओलंचिंब वासरू थरथरत्या पायांवर उभं राहायला बघत होतं आणि गाय त्याला चाटत होती. फोन करणारी गाईची मालकीण एकदा रडत होती, एकदा हसत होती.

"दोघंही?" तिनं विचारलं.

"ठणठणीत. आणि तुमच्याकडे?"

"दिवा गेला."

दोघांनीही एकदमच सुस्कारा सोडला. मग त्यानं हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

"म्हणजे आता काम संपलं?"

"संपलं. अधूनमधून हायवेला सलग पळवत जा, बास."

"एकट्यानं?"

"एकट्यानं पळवली तरी फिल्टर साफ होतो."

"मी फिल्टरचं विचारत नाहीये." तो उठून उभा राहिला. "गाडी बिघडो, न बिघडो... मला तू रोज दिसायला हवी आहेस. सॉरी — तुम्ही."

हायवेपासून छातीवर असलेला दगड कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला झालं. डोळ्यांत पाणी आलं आणि ओठांवर हसू.

"राहू दे," ती म्हणाली. "तूच बरं आहे."

तिचा फोन वाजला. मामा.

"काय झालं गं गाडीचं?"

"नीट झाली, मामा. पण यायला थोडा उशीर होईल."

"गाडी नीट झाली तर उशीर कशाला?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "डॉक्टरांना तुमच्याशी बोलायचंय," असं म्हणून तिनं फोन सरळ त्याच्या हातात दिला.

आत्ताच अडलेली गाय सोडवणारा माणूस फोनवर स्वतःच अडला. "मामा... ते... म्हणजे मी..."

"बोला, डॉक्टर," पलीकडून मामा म्हणाले. "पण पुन्हा गाडीबद्दलच बोलणार असाल, तर मी फोन ठेवतो!"