गॅलरीखालचं वळण

स्वतःचं मरण पडद्यावर बघायचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. धैर्यशील मगदूमला ते लाभलं होतं, आणि तो त्यावर भयंकर चिडला होता.

कोल्हापूरजवळच्या त्या प्रयोगशाळेत तो भांडायलाच आला होता. 'शरभ' ही ताशी तीनशेच्या वर पळणारी मोटरसायकल बुक करून दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. रंग ठरलेला, घरासमोर शेड बांधून तयार, गाडीचा मात्र पत्ता नाही. शोरूमवाल्यांचं एकच पालुपद, "साहेब, आभासी चाचणी अडकलीय." शेवटी त्यानं चाचणी घेणाऱ्या डॉ. शुभदा हर्डीकरांनाच गाठलं. त्यांनी वाद न घालता पडदा सुरू केला.

पडद्यावर हुबेहूब त्याच्यासारखा माणूस शरभवरून सुसाट आला, एका वळणावर त्यानं मान वर केली, आणि पुढच्या क्षणी गाडी एकीकडे नि तो एकीकडे.

"हा तुमचा प्रतिजीव," हर्डीकर म्हणाल्या. "तुमचा फोन, गाडी चालवायची सवय, शरीराच्या तपासण्या, या सगळ्यावरून यंत्रानं घडवलेले तुम्हीच. एवढ्या वेगाची गाडी हातात द्यायची तर आधी प्रतिजीवानं ती घेऊन आभासी शहरात वर्षभर जगून दाखवायचं, असा कायदा आहे. यंत्र अशी हजारो वर्षं घडवून बघतं. तुमचा प्रतिजीव जवळपास प्रत्येक वर्षात मरतो."

"एवढ्या वेगात कुणीबी मरंल की, मॅडम."

"वेगानं नाही. हमरस्त्यावर तुम्ही छान चालवता. मरता ते फक्त इथं." त्यांनी चित्र मोठं केलं. "वळणावरच्या या गॅलरीत एक गृहस्थ असतात. ते आपल्याकडे बघतायत का, हे बघायला तुम्ही मान वर करता."

धैर्यशीलनं घर ओळखलं. दादाचं घर.

विश्वजितदादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. तरुणपणी शर्यती मारायचा. पेठेत त्याच्या गाडीचा आवाज आला की पोरं ताटावरून उठून बाहेर यायची. धाकट्यानं एकदा हौसेनं ती गाडी घेतली आणि तालमीच्या दारातच आडवी पाडली. दादानं सगळ्यांदेखत किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, "तुझं काम न्हवं हे. तू आपला मागं बस." पोरं खदाखदा हसली. चाळिशी ओलांडली तरी तो हशा धैर्यशीलच्या कानातून गेला नव्हता. पुढं एका लग्नात दादानं तोच किस्सा व्याह्यांना रंगवून सांगितला आणि दोघांचं बोलणंच तुटलं. शरभ कशाला हवी असं कुणी विचारलं, तर धैर्यशील इंजिनाबद्दल तासभर बोलायचा. खरं कारण एका ओळीचं होतं. दादाच्या गॅलरीखालून ती एकदा न्यायची होती.

"त्यांना चित्रातून काढून बघितलं," हर्डीकर म्हणाल्या. "मग तुम्ही जगता. पण तो निकाल ग्राह्य धरत नाहीत. प्रतिजीवाच्या भोवतीची माणसं खरीच लागतात. सरकारी नोंदींवरून, अगदी दवाखान्याच्या सुद्धा, यंत्र त्यांचंही पुढचं वर्ष मांडतं. त्या नोंदी आम्हाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात."

"म्हणजे त्यो असंपर्यंत माझी गाडी येत न्हाई म्हणा की."

"किंवा तुम्ही त्यांच्याशी बोला. तुम्ही बदललात की प्रतिजीवही बदलेल."

"त्याच्या पाया पडू? मेलो तरी न्हाई."

"तेच तर बघतोय आपण," हर्डीकर म्हणाल्या आणि त्यांनी पडदा बंद केला.

धैर्यशील वाट बघत राहिला. दादाशी बोलला मात्र नाही. आणि ऐन उन्हाळ्यात शोरूममधून फोन आला की चाचणी उत्तीर्ण, गाडी घेऊन जा.

शोरूममध्ये शरभला झेंडूचा हार घातला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती. परीक्षकानं स्वतः किल्ली द्यायची असा नियम, म्हणून हर्डीकर आल्या होत्या. धैर्यशीलनं त्यांच्यापुढं पेढ्यांचा बॉक्स धरला.

"घ्या मॅडम. सुधारलो बरं का मी. आता दाखवा की जिवंत मगदूम."

"राहू दे. निकाल लागलाय ना."

"असं कसं? मेल्यालं दाखवलं, आता जिवंत दाखवायला काय झालं?"

त्याचा हट्ट बघून त्यांनी हातातला पडदा पुढं केला. प्रतिजीवानं शोरूममधून गाडी घरी नेली, पूजा केली, शेडमध्ये लावली. मग तिच्यावर कव्हर चढलं. पाऊस आला, दिवाळी आली. कव्हर तसंच होतं.

"हे काय? पुढं?"

"पुढं हेच. तुम्ही गाडी चालवतच नाही. म्हणून मरत नाही."

धैर्यशील हसला. "यंत्राचं डोकं फिरलंय. या रविवारीच दादा गॅलरीत पेपर वाचत बसला की मी खालनं..."

तो थांबला. हातातला पेढा त्यानं परत बॉक्समध्ये ठेवला.

"दादाला पुन्हा काढलं का चित्रातनं? तवा काढला हुता तसा?"

"आम्ही कुणालाही काढलं नाही, मगदूम."

"मग गॅलरीत कोण असतंय रविवारी?"

हर्डीकरांनी पडद्यावरची रिकामी गॅलरी त्याच्यापुढं धरली. धैर्यशीलचा एवढ्या वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली. त्यानं किल्ली उचलली.

"तिथं गेलात तर हा निकाल तुम्हाला लागू नाही," त्या मागून म्हणाल्या. "प्रतिजीव आज थेट घरी गेला होता."

दादा गॅलरीत होता. भर उन्हात अंगावर शाल, आणि शालीत अर्धाच उरलेला दादा. कठडा धरून त्यानं खाली बघितलं.

"शरभ का रं ती?" कित्येक वर्षांनी तो बोलला.

"व्हय. दादा, वर येतो मी."

"वर काय हाय? औषधाच्या बाटल्या. पळव की जरा, बघू दे."

"रविवारी दाखवतो."

"रविवारी नको," दादा म्हणाला. "आज दाखव."

धैर्यशील रस्त्याच्या पार टोकाला गेला आणि गाडी वळवली. मान वर करायची नाही, एवढंच जगायचं गणित होतं. शरभ सुटली. वळण आलं तशी मान आपोआप वर जाऊ लागली. सगळा जन्म तो त्या गॅलरीकडेच बघत आला होता. त्यानं दात आवळले आणि नजर रस्त्यावरून हलू दिली नाही. गाडी अशी काही झुकली आणि अशी काही सरळ झाली, की खुद्द दादानंही तरुणपणी असं वळण कधी घेतलं नसेल. जिवंत आहोत हे कळल्यावर तो मोठ्यानं हसला आणि माघारी फिरला.

गॅलरी रिकामी होती. वहिनी कठड्यावरची शाल गोळा करत होत्या.

"वहिनी, बघितलं का दादानं?"

"काय, भाऊजी? तुम्ही गाडी घेऊन तिकडं गेला आणि ह्यांना उबळ आली. तवाच आत नेऊन निजवलं." त्यांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. "आता वाजवू नका तेवढी. आत्ता कुठं डोळा लागलाय."