मिठाचा डबा

"गॅसपासून दूर हो, वच्छला!" नत्थुजी उंबऱ्यातूनच ओरडले आणि वच्छलाच्या हातातला लायटर ओट्यावर पडला... लग्न होऊन आल्यापासून ज्या घराचा स्वयंपाक तिने केला, त्याच घरात आज तिला आगीजवळ उभं राहायचीही बंदी!

अपघातात डोक्याला मार लागल्यापासून तिचा उजवा हात दगा द्यायचा, आणि आत्ता केलेलं काम ती आत्ताच विसरायची. एकदा हात भाजला, तेव्हापासून तिचे यजमान नत्थुजी तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देईनात. मायेपोटीच सारं, पण माया अशी की जीव गुदमरावा! सून आरती नवऱ्याला, पियुषला, आणि शाळेतली नोकरी अकोल्यात सोडून सासूसाठी चांदूर बाजारला येऊन राहिली होती. सोमवारी रुजू झाली नाही तर नोकरी जाणार, आणि ती पोर हसून म्हणायची, "जाऊ द्या आई, तुमच्यापरीस नोकरी मोठी हाय का?"

हे शब्द वच्छलाच्या अंतःकरणात सलत होते. सुनेच्या त्यागावर जगायचं? छे!

"मी पातोडीचा रस्सा करून राहिली," तिने लायटर उचलला. "ज्याले भेव वाटते त्यानं अंगनात बसावं!"

अमरावतीच्या दवाखान्यातल्या करिश्मा मॅडम तिला रोजची कामं पुन्हा शिकवत. लागणारे डबे उजवीकडे मांडायचे, वापरलेला लगेच डावीकडे सरकवायचा, म्हणजे आपण विसरलो तरी ओटा आठवण देतो. कांदा खिळे ठोकलेल्या पाटावर रोवून एका हाताने चिरायचा. घामाघूम होत, स्वतःशीच पुटपुटत वच्छलाने रस्सा उकळवला आणि पानं वाढली.

नत्थुजींनी पहिला घास घेतला... आणि तांब्या तोंडाला लावला.

"झ्याक झालं," ते खाली बघत म्हणाले. ताटावर बसून अन्नाला नावं ठेवायची नाहीत, ही या घरची वडिलोपार्जित रीत. वच्छलाने बोट बुडवून चाखलं. मीठ दोनदा पडलं होतं!

"खोटं काहून बोलता? खारट झालं तं खारट म्हना! मी मेली नाई अजून... मले तुमची कीव नोको!"

आरतीला हुंदका फुटला. "आई, चूक माही हाय. ओटा आवरता आवरता मिठाचा डबा मीच परत उजवीकडं ठेवला... मले वाटलं, तेवढीच मदत!"

"तुमच्या मदतीनंच तं मले पांगळं केलं!" वच्छलाने खारट रस्सा बाजूला सारला. "मी पुन्हा करतो. कोनी हात लावाचा नाई!"

नत्थुजी उठले. आता हे गॅस बंद करणार, असं आरतीला वाटलं. पण त्यांनी लायटर उचलला, बायकोच्या त्या दुबळ्या उजव्या हातात ठेवला आणि अंगणात जाऊन बसले.

पुन्हा पानं वाढली. नत्थुजींनी घास चावला, थबकले, घसा खाकरला.

"वच्छला... मीठ कमी हाय वं."

उभ्या संसारात त्यांनी तिच्या हातच्या अन्नाला नावं ठेवली नव्हती! वच्छलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आज कितीतरी दिवसांनी ते आजारी बाईशी नाही, आपल्या बायकोशी बोलले होते.

"कमी हाय तं वरून घ्या!" तिने ठसक्यात डबा त्यांच्यापुढे सरकवला. "अन् आरती, तू बॅग भर. सोमवारी शाळा हाय तुही."