दोम्निकाची निळी खुर्ची

विश्वास ठेवून दाखव, पोरी. यातल्या एका तरी शब्दावर ठेवून दाखव. ही साफ्ता म्हातारी दोन खऱ्यांमध्ये एक थाप लपवते, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

आणि त्या निळ्या खुर्चीवर नको बसूस. इकडे ये, चुलीजवळ, खाटेवर.

तू दुपारी म्हणालीस, आजीची आठवण म्हणून ती खुर्ची तोरिनोला नेते. नाही मिळायची. का ते सांगते. दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, माझ्या ओळखीतल्या एका बाईला असा अनुभव आला. पण तू दोम्निकाची नात. तुला काय फसवू. ती बाई मीच.

उद्या तिला जाऊन वर्ष होईल. पाद्री येईल, जेवण होईल, आणि परवा तू परत इटलीला. बरोबर ना? तुझी आईही अशीच आली होती. दोन दिवस बसचा प्रवास, तीन दिवस रडणं, मग दाराला कुलूप. मी नावं ठेवत नाहीये. तिकडच्या म्हाताऱ्यांना आंघोळी कोण घालणार मग.

पोरं वेळेवर पोचतील असा भरवसा नसला, की आमच्याकडे माणूस आपलं मेल्यानंतरचं जेवण जिवंतपणीच घालून घेतो. तुझ्या आजीनं घातलं पाच वर्षांपूर्वी, आलुबुखारं उतरवून झाल्यावर. अंगणात चाळीस माणसं. तेव्हा होती अजून चाळीस. ती लाल रुमाल बांधून टेबलाच्या टोकाला बसली आणि आम्हा बायकांना म्हणाली, रडा आता, मला ऐकायचंय. आम्ही सूर लावला, गेलीस गं दोम्निका, गरीब गायीसारखी होतीस. तिनं मध्येच थांबवलं.

"गाय कोणाला म्हणता गं? ते काढा. आणि माझ्या नाचाचं काहीच कसं नाही आलं?"

परत पहिल्यापासून रडायला लावलं. खरंच होतं तिचं. तिशीत नवरा गेला, पदरात चार पोरं, तरी गावातल्या कुठल्याही लग्नात पहिला फेर हिचा. सरपंचाच्या बकरीला सरपंचाचाच टाय आम्ही दोघींनी बांधला होता. नाव माझं झालं, डोकं तिचं. त्या दिवशीही रडणं संपताच तिनं लपवलेला अकॉर्डियनवाला बाहेर काढला. पाद्री रागावून निघाला, तर त्याची टोपी काढून घेतली आणि तीच घालून नाचली. टोपी मागायला तो परत आला, आणि तिसऱ्या पेल्यापर्यंत थांबला.

मग वाटप. बादली खालच्या घरातल्या सुनेला, म्हणजे मेल्यावर तिला तिकडे पाणी मिळेल. रजई दुसरीला, म्हणजे तिकडे थंडी वाजणार नाही. खुर्ची मला. प्रत्येक वस्तूबरोबर एक पेटती मेणबत्ती. घेणाऱ्यानं एवढंच म्हणायचं, देव तिला माफ करो. म्हटलं की वस्तू तिच्या नावानं तिकडे पोचली. म्हटलं नाही, तर इथंच राहिली.

आणि मी म्हटलं, "माफ कसलं, आधी मर तर खरी."

सगळे हसले. सगळ्यात जास्त तीच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, "सटवे, मला तिकडे उभं ठेवणार तू."

"राहा की उभी," मी म्हटलं. "बसून बसून जाड झालीस."

त्या हसण्यात ते राहून गेलं. नंतर चार वर्षं रोज संध्याकाळी ती माझ्याकडे यायची. त्याच खुर्चीवर बसायची, सूर्यफुलाच्या बिया फोडत. बसलेली असली की टरफलं ओच्यात. उभी असली की चौफेर, माझी जमीन घाण. मी ओरडायचे. एकदाही आठवलं नाही, की बाई, तो शब्द म्हणायचा राहिलाय.

गेली दोन नोव्हेंबरला. द्राक्षाच्या वेलाखाली, हातात कात्री.

आता ऐक. दहा डिसेंबरची रात्र. दुसऱ्या दिवशी चाळिसावा. चाळीस दिवस माणूस इथंच फिरतं, मग जातं, हे तुला आईनं शिकवलं असेल तर बरं. मला गव्हाच्या प्रसादावर पिठीसाखर चाळायची होती आणि माझी चाळण फाटलेली. म्हटलं, दोम्निकाची आणावी. किल्ली कुठं असते मला माहीत. सात वाजले असतील. बर्फ नव्हतं, वारा नव्हता. सगळ्या गावात अकरा धुराडी धूर सोडत होती. मी मोजते रोज.

तिच्या स्वयंपाकघरात गेले, खिळ्यावरची चाळण काढली, कुलूप लावलं, परत आले. काही नाही. भीतीही नाही. घर तर तिचंच.

माझं दार मी ओढून घेतलं होतं, तसंच होतं. आत आले. दिवा लावला.

खुर्ची टेबलापासून ओढलेली होती. तोंड चुलीकडे.

मी ती ओढली नव्हती.

चाळण हातातच राहिली. आणि मग ऐकलं.

टक्.

मी थांबले.

टक्… टक्.

बिया फोडल्याचा आवाज. खुर्चीतून नाही. खुर्चीच्या मागून. आणि वरून, पोरी. उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

तिथं कोणी नव्हतं. भिंत होती.

मी म्हटलं, "दोम्निका?"

…

म्हटलं, "बस की गं."

टक्.

बसली नाही. बसेल कशी? खुर्ची तिची नव्हतीच. मी दिलीच नव्हती तिला. माझ्या एका थट्टेपायी ती बाई एकोणचाळीस दिवस उभी होती. गुडघे दुखायचे तिचे. डावा जास्त.

शब्द तोंडात आला होता, खरं सांगते. देव तिला… एवढं म्हटलं मी. आवाज थांबला. सगळं घर थांबलं. वाट बघत होती.

आणि माझ्या मनात आलं, हे म्हटलं की ती बसेल. तिकडे. आणि उद्या चाळिसावा. मग इथं संध्याकाळी कोण?

तुला काय कळणार. पाच वाजता अंधार पडतो. जवळचा दिवा ओढ्यापलीकडे, आणि तो म्हातारा बहिरा.

मी तोंड मिटलं. मग म्हटलं, "आज नको. उद्या म्हणते."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. काहीच नाही. थोड्या वेळानं परत… टक्.

चाळिसाव्याच्या जेवणात सगळे होते. मी तो शब्द म्हटलाच नाही. तेव्हापासून येते. रोज. मी बोलते, कोण मेलं, कोणाच्या कोंबड्या गेल्या. ती ऐकते. उभ्यानं. एक वर्ष, पोरी. माझ्या मैत्रिणीला मी एक वर्ष उभं ठेवलंय, कारण मला एकटं बसवत नाही.

म्हातारीचं डोकं फिरलं, असं वाटतंय ना तुला? वाटू दे. तो दिवा घे. खुर्चीमागे भिंतीपाशी धर. आज सकाळी मी झाडलं नाही, मुद्दाम. तुझ्यासाठी ठेवलंय.

बघ. सूर्यफुलाची टरफलं. चौफेर.

आता माझ्या तोंडात बघ. दात आहेत का बिया फोडायला? चार वर्षं झाली, एकही नाही. घरात बीही नाही. शोध हवं तर.

उद्या जेवणाच्या वेळी ही खुर्ची मी स्वतः उचलून अंगणात आणेन. मेणबत्ती तू लाव. मी पाद्रीसमोर, सगळ्यांच्या देखत म्हणेन. म्हटलं नाही तर तू मला कोपरानं ढोस. जोरात ढोस. मग तिकडे खुर्ची तिची, आणि इथली माझ्याकडेच राहील, रिकामी. म्हणून नाही मिळायची तुला.

पण ते उद्या. सात वाजत आले. कोणी असलं की ती येत नाही, आणि आज मला तिच्याशी बरंच बोलायचंय.

दार हळू ओढून घे. जा आता.