शॉटआधी कोणीतरी ओ दिली

एरवी मी गोष्टीला मीठमसाला लावते, कबूल. हिला नाही लावलेला. माझ्या नातीसोबत, संहितासोबत घडलंय हे.

मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे पावणेतीन. इंदूरच्या पोलोग्राउंड नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका बंद कारखान्यात कॉलेजवाल्यांनी लेझरची लॅब थाटलीय, संहिता कामाला होती तिथं.

काम काय, तर मिठाईच्या वर्खासारख्या पातळ पत्र्यावर लेझरचा एकच झटका मारायचा. इतका छोटा, की पापणी लवायलासुद्धा त्याच्यापुढे जन्म लागतो म्हणे. पत्र्याच्या मागून आयन, म्हणजे विजेचा भार असलेले बारीक कण, सुसाट सुटतात. समोरच्या फिल्मवर आदळले, की फिल्म निळी. याला म्हणतात शॉट.

शॉटच्या वेळी लेझरच्या खोलीत माणूस असला तर डोळे जातात. वरून रेडिएशन. म्हणून दार लावण्याआधी आत फिरून तीनदा ओरडायचं.

"कोई है? कोई है? कोई है?"

कोणी ओ दिली नाही. संहितानं दार लावलं.

कंट्रोल रूममध्ये मुकुल बसलेला, तिच्याकडे पाठ करून. दोघांचा साखरपुडा होऊन दोन महिने झालेले. आजचा शेवटचा शॉट, तीनच्या ठोक्याला मशीन बंद, मग कित्येक महिने नाही. मुकुलला जर्मनीची नोकरी हवी होती, आणि तिथं दाखवायला हा शॉट.

संहिताला आला लाड. चपला काढून हळूच मागे आली. त्याचे डोळे झाकणार...

तेवढ्यात आतल्या खोलीतला आवाज बाहेर ऐकवणारा स्पीकर खरखरला.

"मुकुल... थांब... मी आत राहिले रे..."

आवाज संहिताचा.

आणि ती तर इथं. त्याच्या पाठीशी. हात हवेत.



मुकुलचं बोट बटणावर थांबलं. त्यानं स्पीकरकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

मग...

दाबलं.

टक्. बस्स, इतकाच आवाज.

"मुकुल," ती कशीबशी म्हणाली.

तो गर्रकन वळला. चेहरा पांढराफटक.

"तू... तू बाहेर कधी आलीस?"

तिला कळायचं ते कळलं.

"म्हणजे ऐकलंस."

"अगं यार, मला वाटलं मजाक करतेयस!"

"मजाक वाटला तर हसला असतास. घड्याळ काय बघत होतास?"

टेक्निशियन अर्पितनं जाऊन दार उघडलं. आत कोणी नाही.

"भिया, ये क्या चक्कर है?" त्यानं मुकुलला विचारलं.

पत्र्याला भोक पडलेलं, म्हणजे लेझर बरोबर लागलेला. फिल्म मात्र कोरी. एक निळा ठिपका नाही. जसं मध्ये कोणी उभं राहिलं, आणि सगळं अंगावर घेतलं...

पत्रा आणि फिल्मच्या मध्ये जागा किती? चार बोटं!

संहितानं अंगठी काढून की-बोर्डवर ठेवली. दाराशी पोचली, तोच...

"दाबलंस ना रे..."

स्पीकरमधून. तिचाच आवाज. रडवेला.

तिनं वळून बघितलं नाही.

मुकुल सांगत फिरतो, मुलगी वेडी होती, भुताच्या नादात लग्न मोडलं. सांगू दे. संहिता शिकवते, खाते-पिते, हसते पण. फक्त मोबाइलवर आवाज कधी पाठवत नाही.

परवा मीच हट्ट धरला. "दोन शब्द बोलून पाठव गं."

मग टाइप करून आलं...

"आजी, आवाज पाठवला तर तो माझाच असेल कशावरून?"